वधस्तंभावर देवच होता, तर बलिदान कोणी दिलं आणि कोणाला?

प्रवराकाठ (धागाकर्ता)

येशू देव असेल तर तिसऱ्या दिवशी आपण उठणार हे त्याला ठाऊक होतं, मग त्यात त्याग तो कसला? आणि देव नसेल तर एका निरपराध माणसाच्या रक्ताने देवाचा राग शमला असं म्हणावं लागतं, मग तो देव तरी कसला?

पहिला प्रश्न आमच्या तरुण संघातली मुलं उपवासकाळात हमखास विचारतात. दुसरा बहुतेक वेळा हिंदू मित्रांकडून येतो. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि 'ते रहस्य आहे' म्हणून त्यांची बोळवण करणं मला पटत नाही. म्हणून हा धागा. श्रद्धा असलेल्या, नसलेल्या, सगळ्यांनी लिहावं.

मी प्रोटेस्टंट, नगरकडचा. आमच्याकडे उपदेशात एक गोष्ट नेहमी सांगतात. न्यायाधीश आरोपीला दंड ठोठावतो आणि मग खुर्चीवरून उतरून तो दंड स्वतःच्या खिशातून भरतो. गोष्ट चांगली आहे, पण सांगता सांगता ती बदलते. न्यायाधीश उतरत नाही, आपल्या मुलाला पुढे करतो. एवढ्याशा फरकाने सगळं बिघडतं, कारण आता देव खुर्चीवर बसून राहतो आणि मार दुसराच कोणीतरी खातो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस्ताचं देवत्व काढून घेतलं तर वधस्तंभ समजायला सोपा जाईल असं वाटतं खरं, पण तो जास्त क्रूर होऊन बसतो. पुत्र खरोखर देव असेल, तरच देणारा देव ठरतो. नाहीतर तो फक्त घेणारा उरतो.

आता थोडा इतिहास. ख्रिस्त कोण, या प्रश्नावर चर्चने एकामागून एक परिषदा भरवल्या. नायसिया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, इफिस ४३१, खाल्सेदोन ४५१. पण त्याच्या मरणाने आपलं तारण नेमकं कसं होतं, याची व्याख्या यांतल्या एकाही परिषदेने करून दिली नाही. विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या ठरलेल्या शब्दांत, 'आम्हां मानवांसाठी व आमच्या तारणासाठी' एवढंच येतं. त्यामुळे मतं अनेक झाली आणि ती सगळी चर्चच्या आतच राहिली.

सर्वांत जुनं उत्तर खंडणीचं. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने याचं चित्र रंगवलं: माणूस सैतानाच्या कैदेत, देह हे आमिष, त्यात लपलेलं देवत्व हा गळ, सैतानाने आमिष गिळलं आणि अडकला. त्याच्याच मित्राला, नाझियांझसच्या ग्रेगरीला, हे मुळीच मानवलं नाही. त्याने विचारलं, ही खंडणी पोचली कोणाला? सैतानाला म्हणावं तर ती लाजिरवाणी गोष्ट. पित्याला म्हणावं तर आपण पित्याच्या कैदेत कधी होतो? आणि अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघाला तेव्हा ज्याने तो घेतला नाही, त्याला स्वतःच्या पुत्राचं रक्त कसं आवडेल? सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने हा प्रश्न केलेला आहे. आमच्या मुलांनी तो विचारला की आम्ही का दचकतो?

मग १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या आर्चबिशप आन्सेल्मने हिशेब मांडला. देवाचा मान माणसाने मोडला, म्हणून ऋण माणसाचं. ते फेडण्याची ऐपत मात्र फक्त देवाची. म्हणून फेडणारा देवही हवा आणि माणूसही. पश्चिमेकडच्या चर्चपरंपरेतले आपण सगळे, कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, आजही त्याच्याच भाषेत बोलतो.

लिहा.

अनिकेत_डोंबिवली

धागा आवडला. मी हिंदू घरातला, त्यामुळे बाहेरून बघतोय.

श्रावणात आमच्याकडे शिवलीलामृत वाचायचे. चौदाव्या अध्यायात श्रियाळ राजा आणि चांगुणेची कथा आहे. अतिथीच्या रूपात आलेला शंकर त्यांच्या चिलया बाळाचं मांस मागतो आणि आई पोराचं शिर उखळात घालून कांडते. शेवटी देव बाळ परत देतो. आजीला वाचताना गहिवरून यायचं आणि मला शंकराचा राग यायचा. पुढे अब्राहाम-इसहाकाची गोष्ट वाचली तेव्हाही तसंच झालं. भक्ताची परीक्षा म्हणून पोर मागणारा देव मला नको वाटतो, मग तो कोणाचाही असो.

तुमच्या कथेत देव नक्की कुठे उभा आहे? मागणाऱ्याच्या जागी की चांगुणेच्या जागी?

दुसरं, गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की येशूला हुतात्मा, त्यागाची मूर्ती आणि दैवी गुरू म्हणून ते मानू शकतात, पण त्याच्या मरणात काही गूढ चमत्कारिक सामर्थ्य होतं हे त्यांचं मन स्वीकारत नाही. मला हे पुरेसं वाटतं. तुम्हाला त्यात काय कमी पडतं?

प्रवराकाठ

अनिकेत, चांगुणेच्या जागी. ख्रिस्ती माणसाने याचं दुसरं उत्तर देऊच नये असं माझं मत आहे. योहान ३:१६ मध्ये देव जगाकडून काही मागत नाही, 'देवाने दिला' असंच म्हटलंय. पण मी वर जे लिहिलं ते इथे लागू होतं. पुत्र हा दुसराच कोणी असेल, तर बापाने परक्याचा जीव दिला, त्यात त्याचं काय गेलं?

गांधीजींबद्दल. हुतात्म्याचं मरण मला धीर देतं, कसं जगावं ते शिकवतं. पण येशूला पकडलं त्या रात्री ज्याने तीनदा त्याची ओळख नाकारली त्या शिष्य पेत्राचं काय? हुतात्मा त्याला लाजवू शकतो, मोकळं कसं करणार? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात येशू पक्षाघाती माणसाला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, आणि यहुदी धर्मशास्त्री कुरकुरतात की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. ज्याचा अपराध झाला त्यानेच क्षमा करायची असते. येशूच्या तोंडी ती क्षमा शोभायची असेल तर तो कोण, हा प्रश्न टाळता येत नाही.

सांडोरकर

आमच्या वसईकडून लिहिते. तुम्ही पश्चिमेकडचे सगळे म्हणून एकाच ओळीत बसवलंत, पण बलिदान या विषयावर आपल्यात मोठी दरी आहे आणि ती इथे यायला हवी. प्रोटेस्टंट भावंडांना वाटतं की आम्ही कॅथलिक मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, येशूला पुन्हा पुन्हा बळी देतो. ल्यूथरने १५२० मध्ये यावरच कडक टीका केली. त्रेंतच्या कॅथलिक परिषदेने १५६२ मध्ये उत्तर दिलं की बळी तोच, अर्पण करणाराही तोच, फक्त अर्पणाची रीत वेगळी, रक्ताविना.

पण मला एका छोट्या कृतीबद्दल सांगायचंय. अर्पणाच्या वेळी फादर चषकात द्राक्षारस घेतात आणि त्यात पाण्याचा थेंब टाकतात. तेव्हा ते अगदी हळू आवाजात एक प्रार्थना म्हणतात. मागच्या बाकांवर ती पोचत नाही. मी वाचन करायला पुढे बसते म्हणून मला ऐकू येते. आशय असा, की जो आमच्या मानवपणात वाटेकरी व्हायला नम्र झाला, त्या ख्रिस्ताच्या देवत्वात आम्हांला वाटा मिळो. मग तो थेंब द्राक्षारसात मिसळतो, तो परत वेगळा काढता येत नाही. लोक त्या वेळी गाणं म्हणत असतात किंवा दानाची थैली फिरत असते, कोणाचं लक्ष नसतं. तुमच्या धाग्यातले दोन्ही शब्द, बलिदान आणि देवत्व, त्या अर्ध्या मिनिटात एकत्र येतात.

आणि गुड फ्रायडेला काय होतं बघा. वेदीवरचं कापड काढलेलं असतं, मेणबत्त्या नसतात. फादर आत येतात आणि काही न बोलता वेदीपुढे जमिनीवर पालथे पडतात. त्या दिवशी मिस्सा होतच नाही, आदल्या दिवशीचा ख्रिस्तप्रसाद वाटतात. मिस्सा म्हणजे नवा बळी असता तर तो सगळ्यात आधी त्या दिवशी दिला गेला असता ना?

मुळाथडी

वाचतोय. गुड फ्रायडेचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, मी कधी तसा पाहिला नव्हता. तरी बायबलमधल्या इब्री १०:१० मध्ये ख्रिस्ताचं अर्पण 'एकदाच' म्हटलंय, त्यावर आम्ही अडून बसणारच. :)

सांडोरकर

अडून बसा, ते वचन आमचंही आहे.

भगूरकर

इथे सगळे गृहीत धरून चाललेत की येशू देव नसेल तर बलिदानाला अर्थ राहत नाही. मी येशूला देव न मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदार या पंथाबरोबर बायबलचा अभ्यास करतो, त्यांची मांडणी बरोबर उलटी आहे आणि मला ती शास्त्राला धरून वाटते. आदाम परिपूर्ण माणूस होता, त्याने जे गमावलं त्याची भरपाई तेवढ्याच मोलाने व्हायला हवी. म्हणजे एका परिपूर्ण माणसाच्या जिवाने. १ तीमथ्य २:५-६ मध्ये सर्वांसाठी मुक्तीचं मोल देणाऱ्याला 'ख्रिस्त येशू हा मनुष्य' म्हटलंय. देवाने जीव दिला तर ते मोल जुळत नाही, हजारपट होतं. शिवाय देव मरत नाही. मेला तो पुत्र, देवाने निर्माण केलेला पहिला. आणि पिता खुर्चीवर बसून राहिला म्हणता, पण आपला एकुलता एक मुलगा मरताना पाहणाऱ्या बापाला काहीच झळ लागत नाही का?

प्रवराकाठ

भगूरकर, शेवटचा प्रश्न जोरकस आहे. बापाचं दुःख मी नाकारत नाही. तुमचं पूर्ण मत आरियसचं नाही, पण पुत्र निर्माण केलेला, हे अलेक्झांड्रियाच्या त्या पाळकाचंच म्हणणं होतं आणि नायसियात त्यावरूनच वाद पेटला. आरियस वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. देवाचं एकत्व जपायची त्याची तळमळ खरी होती.

पण अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसने त्याच्यापुढे जो पेच टाकला तो मला सुटलेला दिसत नाही. निर्माण केलेल्याने निर्माण केलेल्यांना देवाशी कसं जोडायचं? जो स्वतः या काठावर आहे तो पूल कसा होणार? आणि 'मोल जुळायला हवं' हा हिशेब जर इतका काटेकोर असेल, तर क्षमेला जागा कुठे राहिली? पै न् पै वसूल झाल्यावर देव 'मी माफ केलं' असं कोणत्या तोंडाने म्हणेल?

मेधा_लीड्स

प्रवराकाठ, हा शेवटचा प्रश्न तुमच्याही मताला तितकाच लागतो. फाऊस्तो सोचिनीने सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांना हेच विचारलं होतं. ऋण एक तर फेडून घेता येतं किंवा माफ करता येतं, दोन्ही एकदम कसं? त्याच्या विचारातून पोलंडमध्ये त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणारी मंडळी उभी राहिली आणि पुढे इंग्लंडमधली युनिटेरियन परंपरा. मी इथे अधूनमधून त्यांच्या उपासनेला जाते. आपल्याकडे प्रार्थना समाजाचे या लोकांशी जवळचे संबंध होते. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले ते युनिटेरियन मदतीनेच.

माझं मत स्पष्ट सांगते. निरपराध्याला शिक्षा देऊन अपराध्याला सोडणं हे कोणत्याही न्यायात बसत नाही, मग तो निरपराधी माणूस असो की देव. 'देवाने स्वतःला शिक्षा केली' म्हटल्याने ते नैतिक होत नाही, फक्त चमत्कारिक होतं. मला बाराव्या शतकातला पीटर अबेलार जवळचा वाटतो. रोमकरांच्या पत्रावरच्या भाष्यात तो विचारतो, निरपराध्याचं रक्त मोल म्हणून मागणं हे किती क्रूर, आणि देवाला आपल्या पुत्राच्या मरणाने समेट करावासा वाटला हे कसं? त्याच्या मते वधस्तंभाने देव बदलत नाही, माणूस बदलतो. तिथे दिसलेल्या प्रेमाने आपल्यात प्रेम पेटतं. क्लेर्वोच्या बर्नार्डने त्याचा निषेध करवला, पण मला बर्नार्डचं उत्तर कधी पुरेसं वाटलं नाही.

केडगाव_जंक्शन

मेधाताई, तुम्ही जे लिहिता त्याच्याशी झगडलेली एक मराठी बाई आहे आणि या धाग्यात तिचं नाव यायलाच हवं. पंडिता रमाबाई.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. या काळात वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. तो वाचला की कळतं, बाप्तिस्मा घेऊनही रमाबाईंनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व जसंच्या तसं गिळलं नव्हतं. त्या ताठ उभ्या राहून विचारत होत्या. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार त्यांना मान्य नव्हता. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही, असं त्यांनी सिस्टर जेराल्डीनना लिहून कळवलं. सिस्टर घाबरल्या, मिस बील मात्र शांतपणे एकेक शंकेला उत्तर देत राहिल्या. इकडून नेहेम्या गोऱ्हे, म्हणजे काशीचे नीलकंठशास्त्री, यांनी मराठीत पत्ररूपाने त्यांच्यासाठी पुस्तिकाच लिहिली. स्वतः गोऱ्हे आयुष्यभर शंकांशी झुंजलेले, त्यामुळे त्या लिहिण्यात उपदेशकाचा आव नाही.

आणि पुढे? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, विधवा-मुलींसाठी शारदा सदन उभं राहिल्यावर, रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. त्यानंतरच्या रमाबाईंचा वधस्तंभावरचा विश्वास कोणाही पाळकापेक्षा थेट आहे.

मिशनवाले फक्त शेवटची रमाबाई सांगतात, समाजसुधारणेचे अभ्यासक बहुतेक करून फक्त चेल्टनहॅमची. मला दोन्ही हव्यात. चेल्टनहॅमच्या रमाबाईला कोणी मंडळीतून काढलं असतं तर केडगावला मुक्ती मिशन चालवणाऱ्या रमाबाई झाल्याच नसत्या.

मेधा_लीड्स

पत्रं वाचली आहेत. मला त्यांचा शेवटचा टप्पा पटत नाही, पण तुम्ही दोन्ही एकत्र ठेवल्या ते आवडलं.

नेवासा_फाटा

सगळं विद्वत्तेचं चाललंय आणि मी आवडीने वाचतोय. पण नगर जिल्ह्यातल्या आमच्या माणसांनी ख्रिस्त कशामुळे घेतला ते आन्सेल्मवरून कळणार नाही.

आमचं गाव जत्रेला मरीआईपुढे रेडा द्यायचं. नवस गावाचा, मान गावाचा. रेड्यामागची घाणेरडी कामं सगळी आमच्या वाड्याची. रक्त कोणी भरायचं, आतडी कोणी काढायची, ते ठरलेलं होतं. पटकी आली तरी दोष आमच्यावरच यायचा. माझ्या पणजोबांनी मिशनच्या शाळेतल्या मास्तरकडून ऐकलं की एक बळी झाला आणि तो शेवटचा, आता देवाला रक्त लागत नाही. आजी सांगायची की त्यांना वाक्य एवढंच लक्षात राहिलं आणि त्या वर्षापासून त्यांनी जत्रेचं काम सोडलं. गावाने वर्षभर बलुतं बंद केलं.

इब्री १३:१२ काढून बघा. येशूने 'वेशीबाहेर' दुःख सोसलं, आणि पुढच्या वचनात, आपण त्याचा अपमान सोशीत वेशीबाहेर त्याच्याकडे जाऊ. वेशीबाहेर म्हणजे कुठे, हे आमच्या लोकांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. तिथेच आमची घरं होती. देव गावात देवळात बसून आमच्याकडे माणूस पाठवतो, असं असतं तर त्यात नवं काय? तसं तर सगळेच करत होते. तो स्वतः वेशीबाहेर आला. म्हणून तो देव होता की मोठा गुरू होता, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवलं, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण बळीराजाला पाताळात घातलं आणि तो वर्षातून एकदा येतो. मला रोजचा हवाय.

प्रवराकाठ

नेवासा फाटा, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्या अभ्यासात मी हे वाचून दाखवणार आहे, हरकत नसेल तर.

नेवासा_फाटा

वाचा की.

अनिकेत_डोंबिवली

मला एक शंका उरतेच. देव स्वतः सोसतो म्हणता, तर देवाला वेदना होतात का? आमच्याकडे ब्रह्म निर्विकार. तुमच्याकडेही देव अविकारी मानतात ना? मग क्रुसावर नक्की कोण कळवळलं?

खडकीचा_सुरियानी

यावर मला लिहू द्या. घर मूळ कोट्टयमचं, मी जन्मलो-वाढलो पुण्यात. आमचं सुरियानी चर्च खाल्सेदोनची परिषद मानत नाही. ४५१ मध्ये ठरलं की ख्रिस्तात दोन स्वभाव, एक दैवी, एक मानवी. आमच्या पूर्वजांना भीती वाटली की यातून दोन माणसं तयार होतील: चमत्कार करायला देव आणि मार खायला माणूस. मग वधस्तंभावर देव नव्हताच, असं होईल. ते अलेक्झांड्रियाच्या बिशप सिरिलला धरून राहिले, देहधारी झालेल्या शब्दाचा, म्हणजे ख्रिस्ताचा, स्वभाव एकच.

आमच्या उपासनेत 'पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता, पवित्र अमरा' ही प्रार्थना आहे. तिच्यात आम्ही एक ओळ जास्त म्हणतो: 'जो आमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेलास.' पाचव्या शतकात अंत्युखियात ती घातली गेली. नीट ऐका, अमर म्हणायचं आणि त्याच श्वासात खिळला गेलास म्हणायचं. ५१२ मध्ये या ओळीवरून कॉन्स्टँटिनोपलमध्ये दंगल झाली, सम्राट अनास्तासियसचं सिंहासन डळमळलं. लहानपणी मी ती ओळ मल्याळममध्ये पाठ म्हणायचो. तिच्यावरून रस्त्यावर माणसं मेली हे मोठेपणी कळलं.

अनिकेत, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर: देव आपल्या देवपणात दुखत नाही, पण त्याने जो देह आपला केला त्यात जे झालं ते त्याचंच झालं. माझा हात भाजला तर 'हात भाजला, मी नाही' असं मी म्हणत नाही.

प्रवराकाठ

यात भर घालतो. पिताच वधस्तंभावर चढला असंही काहींनी तिसऱ्या शतकाच्या सुमारास शिकवलं. ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियनने असं शिकवणाऱ्या प्राक्सियसवर तुटून पडत लिहिलं की याने पित्याला वधस्तंभावर खिळलं. चर्चने ते नाकारलं, कारण मग अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशू कोणाशी बोलत होता? पण विसाव्या शतकात दोन महायुद्धांनंतर हा प्रश्न परत आला. जर्मन पाळक दीट्रिश बाँहोफरने जुलै १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगातून लिहिलं की सोसणारा देवच मदत करू शकतो. जर्मन धर्मचिंतक यूर्गेन मोल्टमानने १९७२ मध्ये त्यावर ग्रंथ उभारला: पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. भगूरकर, तुमचा बापाच्या दुःखाचा मुद्दा तिथे पुरेपूर येतो, पण पुत्राला देव मानूनच.

मेधा_लीड्स

मी दोन दिवस यावर विचार करत होते. नेवासा फाटा यांचं लिहिणं वाचल्यावर माझा शिक्षेचा आक्षेप तसाच आहे, पण तो तुमच्या सगळ्यांना लागत नाही हे दिसतंय. सुरियानी आणि नेवासा फाटा शिक्षेबद्दल बोलतच नाहीयेत, ते जवळ येण्याबद्दल बोलताहेत.

तरी धाग्याचा पहिलाच प्रश्न कोणी नीट घेतलेला नाही. आपण उठणार हे ठाऊक असलेल्याचा त्याग तो कसला? आणि पिता-पुत्र एकच देव असतील तर त्यांची इच्छाही एकच. मग 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही गेथशेमानेतली येशूची प्रार्थना नाटकासारखी नाही का होत?

प्रवराकाठ

मेधाताई, सातव्या शतकात हाच पेच उभा राहिला. राज्यात एकी राहावी म्हणून सम्राटांनी तडजोड काढली: ख्रिस्तात स्वभाव दोन असू देत, इच्छा एकच, दैवी. मॅक्सिमस नावाचा साधू आडवा आला. त्याने गेथशेमानेच्या त्याच प्रार्थनेवर बोट ठेवलं. इच्छा एकच असेल तर तिथे कोण कोणाला नमलं? ज्याला मरण नको वाटतं ती मानवी इच्छा खरी होती, भ्यालेली होती, आणि तिने स्वतःहून होकार दिला. ती खरी नसेल तर त्याग झालाच नाही, आणि माणसाची इच्छा बरीही झाली नाही. त्याने हे मागे घ्यावं म्हणून ६६२ मध्ये त्याची जीभ छाटली, उजवा हात तोडला आणि काळ्या समुद्राच्या पलीकडे हद्दपार केलं. त्याच वर्षी तो वारला. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचंच म्हणणं उचललं.

म्हणून मुलांना मी असं सांगतो: उठणार हे कळत असूनही त्याला घाम फुटला. लूक म्हणतो रक्ताच्या थेंबांसारखा. मार्कमध्ये तो 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं ओरडतो. शेवट माहीत असल्याने भीती गेली असती तर हे शब्द सुवार्तेत कोणी ठेवले असते? लिहिणाऱ्यांना ते अडचणीचेच होते. लूक आणि योहान यांच्या लेखनात ते येतही नाहीत.

मेधा_लीड्स

मॅक्सिमसबद्दल माहीत नव्हतं, वाचीन. माझा आक्षेप थोडा सरकलाय. भीती खरी होती हे मान्य. पण तुम्ही जे वर्णन करताय ते मला एका संपूर्ण माणसाचं वर्णन वाटतं, आणि मला तेवढ्यावर थांबता येतं.

नेवासा_फाटा

ताई, तुम्ही थांबा तिथे. आम्हाला थांबून चालण्यासारखं नव्हतं.

सांडोरकर

प्रवराकाठ, पुढचा धागा इसहाकावर काढा. अनिकेत यांचा चिलयाचा प्रश्न अर्धाच राहिलाय, आणि त्यावर आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, लोकांकडून ऐकायला आवडेल. ती गोष्ट मुळात त्यांची आहे.